शर्यत नसलेला रविवार

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी एक टोपी आहे. जांभळ्या कापडाची, पुढे चोच असलेली, कपाळावर पांढऱ्या दोऱ्याने अठ्ठावन्न आकडा भरलेली. देशोदेशी फिरणाऱ्या त्या मोटारींच्या शर्यती असतात ना, आज या देशात तर पंधरवड्याने त्या देशात, त्यातल्या एका संघाची मी टोपी. म्हणजे तशी दिसावी म्हणून शिवलेली.

खरं सांगायचं तर मी नकली. परदेश मी पाहिलेला नाही. एका पत्र्याच्या गाळ्यात एका बाईने मला शिवलं. सकाळी ती जांभळ्या टोप्या करायची आणि जेवण झालं की त्याच मशिनवर हिरव्या. कोण कुणाच्या संघात धावतं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिथून मी पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात आले. मला हातात घेऊन दुकानदार दर गिऱ्हाइकाला सांगायचा, “ओरिजिनल आहे, बघून घ्या.” जिच्याबद्दल रोज डोळ्यांत डोळे घालून खोटं बोललं जातं, ती संशयी होणार नाही तर काय होणार?

मला घेतलं आदिनाथने. हा चऱ्होलीचा. गावाभोवती आता उंच उंच इमारती उठल्यात, पण त्याचं घर जुन्या वस्तीतच आहे आणि घरात आई, तानाबाई. चाकणला एका कंपनीत मोटारींचे सुटे भाग होतात, तिथे तो सीएनसी मशिनवर कंत्राटी ऑपरेटर होता. या शर्यतींचं त्याला भारी वेड. अठ्ठावन्न आकड्याचा चालक त्याचा देव. दुकानात त्याने मला उलटंपालटं केलं, आतली शिवण पाहिली आणि हसला. मी नकली आहे हे त्याला कळलं होतं. तरी त्याने मला डोक्यावर चढवलं आणि तसाच बाहेर पडला. त्या दिवशी तो मला आवडला, हे कबूल करायला हरकत नाही.

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. रविवारी यंत्रं चालूच असतात. आणि शर्यती नेमक्या रविवारी, त्यातून बऱ्याचशा संध्याकाळी. मग सेकंड शिफ्ट असलेल्या माणसाने त्या बघायच्या कधी? आदिनाथला यातून वाट काढून दिली सुजितने.

सुजित त्याच मशिनवरचा दुसरा ऑपरेटर. मूळचा लातूरकडचा, औशाचा. कासारवाडीला एका खोलीत बायको दिपाली आणि लहान मुलगी यांच्यासह राहायचा. त्याची म्हातारी आई गावी एकटी होती आणि तिला भेटायला जायचं तर गुरुवारची एक सुट्टी पुरायची नाही. तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं. शर्यतीच्या रविवारी आदिनाथची शिफ्ट सुजितने करायची, स्वतःची धरून डबल. त्याबदल्यात सुजित औशाला जाईल तेव्हा त्याचा शुक्रवार आदिनाथने काढायचा. सुपरवायझरच्या कानावर घातलं की झालं. पुढच्या वर्षाचं शर्यतींचं वेळापत्रक जाहीर झालं की दोघं गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसत आणि अख्ख्या वर्षाचे रविवार-शुक्रवार लावून टाकत. सुजितला शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आदिनाथने पाठवलेलं त्या वेळापत्रकाचं चित्र त्याने मोबाइलमध्ये जपून ठेवलेलं असे. कोणत्या महिन्यात आई भेटणार हे त्याला त्यावरून कळायचं.

मला या मैत्रीतही काही काळंबेरं असेल असं वाटायचं. मी लॉकरमध्ये डब्याशेजारी पडून कान लावून ऐकायचे. काही सापडलं नाही, हे खरं.

मग एका मोसमात सगळंच बिघडत गेलं. आधी बातमी आली की अठ्ठावन्नवाला संघ सोडून चाललाय. कित्येक वर्षं एका रंगात धावलेला माणूस दुसऱ्या रंगाच्या कपड्यांत हसत उभा असलेला फोटो आदिनाथने टपरीवर सुजितला दाखवला. मी त्याच्या डोक्यावरच होते. माझ्या कपाळावर ज्याचा आकडा तोच निघून गेला, आता मी कुणाची? आदिनाथने त्याला शिव्या घातल्या आणि मी मनातल्या मनात खूप नावं ठेवली.

सुजितने विचारलं, की संघात असतात तरी किती जण. आदिनाथने त्याला समजावलं. एका संघाच्या दोन गाड्या, दोन चालक. दोघांची गाडी सारखी, म्हणून प्रत्येकाला सगळ्यात आधी हरवायचं असतं ते आपल्याच जोडीदाराला. दुसऱ्या संघाकडून हरलं तर त्यांची गाडी चांगली होती असं म्हणता येतं, जोडीदाराकडून हरलं तर काहीच म्हणता येत नाही.

सुजित हसला होता त्यावर. पण त्याच आठवड्यात कंपनीत साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं की या मशिनवरचा एकच माणूस कायम होणार, दुसऱ्याचं कंत्राट पुढे वाढणार नाही. कोण ते सुपरवायझर मुरारीच्या सांगण्यावरून ठरेल. मुरारी आदिनाथच्याच गावचा. त्यामुळे सुजितचा चेहरा उतरला आणि आदिनाथचाही, कारण सुजितचा उतरलेला त्याने पाहिला.

तेव्हापासून मी दोघांवर डोळा ठेवला. दोघं पहिल्यासारखा चहा प्यायचे, पण आता कपात बघून. मुरारी शेजारून गेला की दोघांचं बोलणं थांबायचं. सुजितची मुलगी शाळेत जायला लागली होती. ही नोकरी गेली तर बिऱ्हाड उचलून औशाला परत, हे त्याने एकदाच बोलून दाखवलं.  आदिनाथने मला काढून डोकं खाजवलं आणि मला परत घातलं.

त्यातच शर्यतींचं वेळापत्रक बदललं. एक शर्यत रद्द झाली, एक पुढे ढकलली, मधेच दोन रविवार कोरे पडले. कुणी म्हणे त्या देशातली परिस्थिती बरी नाही, कुणी आणखी काही. मला तर या वेळापत्रकाचा कधीच भरवसा वाटला नव्हता. आदिनाथला ही बातमी लगेच कळली. सुजितला सांगून रद्द झालेल्या रविवारची अदलाबदल मोडायला हवी होती. त्याने सांगितलं नाही. रविवारी सुजित नेहमीप्रमाणे फर्स्ट आणि सेकंड अशी डबल करायला गेला, आणि दुपारी आदिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून, मला डोक्यावर चढवून घराबाहेर पडला.

 शर्यत नाही, मग हा निघाला कुठे? मुरारीच्या घरी पेढे घेऊन? मी वाईटात वाईट ते सगळं मनात आणलं.

तो गेला चाकणच्या अलीकडच्या एका दुसऱ्या कंपनीत. तिथली सुट्टी रविवारची, यंत्रं मोकळी असतात म्हणून नवीन ऑपरेटरची परीक्षा त्याच दिवशी घेतात. म्हणजे हासुद्धा संघ बदलायला निघाला होता! अठ्ठावन्नवाल्याला शिव्या देणारा हाच तो. मला संताप आला. पण गेटवर उभा असताना तो फोनवर तानाबाईंना म्हणाला, “हितं झालं तर तिथली जागा आपोआप सुजितला. मला कुठं पोरंबाळं हायेत?” ते ऐकून माझा राग ओसरला.

आणि त्याच वेळी समोरच्या रस्त्यावरून आमच्या कंपनीची सेकंड शिफ्टची बस गेली. खिडकीत मुरारी बसला होता. आदिनाथची बसकडे पाठ होती. मुरारीची नजर आधी गेटवरच्या पाटीवर गेली, मग माझ्यावर. चाकण पट्ट्यात जांभळी टोपी घालून फिरणारा दुसरा कुणी नव्हता. मान वळवून वळवून तो मला बघत राहिला, बस वळणाआड जाईपर्यंत.

दोन-तीन दिवसांत कॅन्टीनमध्ये कुणीतरी बोललं की रविवारी शर्यतच नव्हती. सुजितच्या कानावर ते गेलं. शिफ्ट बदलताना टपरीवर त्याने सरळ विचारलं, “रविवारी शर्यत होती ना?”

आदिनाथ म्हणाला, “होती की.”

“कोण जिंकलं?”

आदिनाथला नाव घेता आलं नाही. कुणाचंही नाव ठोकून देता आलं असतं, समोरच्याला काय कळणार होतं? पण शर्यतीबाबत खोटं त्याच्या तोंडातून निघेना. सुजितने कप खाली ठेवला. त्याला वाटलं होतं तेच मला त्या रविवारी वाटलं होतं, की हा मुरारीकडे वशिला लावायला गेला. तसं तो बोलला. तेव्हा नाइलाजाने आदिनाथने खरं ते सांगितलं, आणि तिकडचं पक्कं होईपर्यंत कुणापाशी बोलू नकोस म्हणून विनवलं.

सुजितला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. त्याला तर जास्तच लागलं.

“आधी कामून सांगितलं नाहीस? मी डबल मारायलो तिकडं, अन् तू लपून फिरायलास.”

“भीती वाटली, भावा. तू बोललास कुणापाशी तर इथलंही जायचं आणि तिथलंही.”

“मी बोलेन?” सुजित एवढंच म्हणाला आणि उठला.

दुसऱ्याच दिवशी मुरारीने आदिनाथला बोलावून घेतलं. आदिनाथने मला पँटच्या मागच्या खिशात खोचलं होतं, तिथून मी सगळं ऐकलं. मुरारी म्हणाला, की बाहेर दारं ठोठावत फिरतोस ते साहेबांच्या कानावर गेलंय, ज्याला इथे राहायचंच नाही त्याला कायम करून काय उपयोग, महिना संपेपर्यंत काम कर आणि मोकळा हो. कुणी सांगितलं, असं आदिनाथने दोनदा विचारलं. मुरारी हसून म्हणाला, “कळतं राव आपल्याला.”

आता मला सांगा, आदिनाथला काय वाटलं असेल? हे गुपित घराबाहेर एकाच माणसाला माहीत होतं. त्या माणसाला नोकरीची गरज होती. आणि कालच तो रागावून उठून गेला होता. मी संशय घेण्यात मुरलेली, पण इतका चोख जमून आलेला संशय मीही पाहिला नव्हता. आणि तो साफ खोटा होता. मी खिशात आक्रोश करत होते, की मुरारीने मला पाहिलं रे, बसमधून पाहिलं! टोपीचं कोण ऐकतं?

शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर आदिनाथने सुजितला गाठलं. आरडाओरडा केला नाही. मला खिशातून काढलं आणि त्याच्या पायाशी टाकलं. म्हणाला, “जागा घेतलीस, ही पण घे.”

सुजितने काय झालं ते विचारलं. उत्तर द्यायला आदिनाथ थांबला नाही. बसची रांग सोडून तो पायी चालत गेला. सुजितने मला उचललं, मांडीवर आपटून माती झटकली आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं.

अशी मी कासारवाडीला आले. दिपालीने मला दाराआडच्या खिळ्याला लावलं. ही कुणाची टोपी, असं तिने विचारलं तेव्हा सुजित म्हणाला, “आदिनाथची. न्यायला येईल.” सुरुवातीला माझा त्याच्यावरही विश्वास नव्हता. म्हटलं, आज ना उद्या याच्या चेहऱ्यावर आनंद फुटेलच. त्याला कायम झाल्याचं पत्र मिळालं. दिपालीने शिरा केला, देवापुढे ठेवला. शेजारी वाटायला पेढे आण म्हणाली तर याने उद्यावर ढकललं आणि ते राहूनच गेलं. आदिनाथला तो फोन लावायचा. पलीकडून कुणी घ्यायचं नाही. मुलीच्या दप्तरापासून गॅसपर्यंत घरात सगळं नीट चाललं होतं, पण हा माणूस जेवताना अर्ध्यात थांबायचा.

आणखी एक गोष्ट झाली. मशिनवर आता दुसरा ऑपरेटर आला होता, नवीन, अदलाबदलीला तयार नसलेला. सुजितला शुक्रवार मिळेना. आईशी फोनवर बोलताना प्रत्येक वेळी तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात नक्की येतो. तीही बरं म्हणायची.

गणपती होऊन गेले, दसरा गेला. आदिनाथ चाकणच्या अलीकडच्या त्याच कंपनीत लागल्याचं कळलं. त्याची सुट्टी रविवारची, याची गुरुवारची. दोघं एका दिवशी मोकळे असणं आता कसं जमावं? सुजितने मग बिनपगारी रजा टाकली, तीही हिशेबाने. मोबाइलमधलं वेळापत्रकाचं चित्र काढून शर्यतीचा रविवार शोधला. त्या दिवशी आदिनाथ घर सोडून कुठे जाणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी त्याने मला डोक्यावर घातलं आणि आम्ही चऱ्होलीला गेलो.

चित्र जुनं होतं. ती शर्यत कधीच पुढे ढकललेली होती. याला ते कोण सांगणार? सांगणाराच राहिला नव्हता.

तानाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी सुजितला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं मला.

“ही टोपी तर आमच्या आदिनाथची.”

सुजितने नाव सांगितलं. आज शर्यत म्हणून तो घरी असेल असं वाटलं, असंही म्हणाला. 

“आज कुटली शर्यत? ती फुडं गेली म्हनत व्हता. त्यो गेलाय आळंदीला, भाच्याच्या जावळाला. बस तू. च्या टाकते.”

चहा दिल्यावर त्या समोर बसल्या आणि स्वतःहूनच बोलायला लागल्या. “मुरारी गनपतीत जेवाया आलता आमच्याकडं. त्यानंच सांगितलं, म्या बसमदनं बघितला आदिनाथला, टोपीवरनं वळाखला. लई हुशारीनं सांगत व्हता मेला.”

सुजितने कप बाजूला सारून विचारलं, “आदिनाथ होता का तेव्हा?”

“व्हय. समूरच बसलेला. ताटावरनं उठला त्यो.”

“म्हणजे त्याला माहितंय, मी नाही सांगितलं ते.”

“म्हाईत हाय.”

“मग फोन कामून केला नाही त्यानं?”

तानाबाईंनी पदराने तोंड पुसलं. “म्या बी त्येच म्हनलं. तर म्हनला, कुटल्या तोंडानं करू.”

खरं सांगते, इतके दिवस मी मुरारीवर, सुजितवर, अठ्ठावन्नवाल्यावर, सगळ्यांवर दात खात होते. पण त्या ओट्यावर मला आदिनाथचा जेवढा राग आला तेवढा कुणाचाच आला नव्हता. संशय आला, समजू शकते. संशय फिटल्यावरही गप्प बसायचं? इकडे हा माणूस घासागणिक थांबत होता. तानाबाई म्हणाल्या, टोपी ठेवून जा, मी देते. सुजित नको म्हणाला. त्याच्याच हातात देईन म्हणाला आणि उठला.

आज गुरुवार आहे. सुजितची सुट्टी. तुमच्याशी हे बोलतेय ते आदिनाथच्या नव्या कंपनीच्या गेटासमोरून. सुजितने मला घातलंय, चोच नीट पुढे करून. फर्स्ट शिफ्ट सुटतेय. बसची रांग लागली आहे, माणसं डबे हलवत बाहेर येताहेत. सुजितने इतक्या वेळा घाम पुसलाय की माझी कड ओली झाली आहे. आदिनाथ येणार नाही, पाहून न पाहिल्यासारखं करेल, मागच्या गेटने जाईल, असं मला वाटतंय. माझा स्वभावच तसा, काय करू?

तो आला. गर्दीतून त्याने मला पाहिलं. थबकला. मान खाली घालून बसकडे वळला. पायरीवर पाय ठेवला. मागचे लोक ढकलायला लागले, ड्रायव्हरने हॉर्न दिला.

आदिनाथ, ऐकू येत नसेल तुला, तरी सांगते. मी नकली आहे हे माहीत असून तू मला घेतलंस आणि मिरवलंस. हा माणूस अस्सल आहे हेही तुला माहीत आहे. उतर खाली.

तो उतरला. बस गेली. आता दुसरी बस नाही, चऱ्होलीपर्यंत त्याचे हाल आहेत. रस्ता ओलांडून तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. सुजितने मला काढून पुढे धरलं. आदिनाथने घेतलं नाही. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

“तुझा शुक्रवार कोण करतं आता?” आदिनाथने विचारलं.

“कुणीच नाही.” सुजित म्हणाला. “उन्हाळ्यापासून आईला बघितलं नाही मी.”

आदिनाथने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुजितने मला बगलेत धरलंय, इथून मला काही दिसत नाही, आणि पहिल्यांदाच काही बघायचंही नाही. तुम्हीही आता निघा. या दोघांना थोडं एकटं राहू द्या.